नाव सुचवायचं ठरलं, पुढे काय?

सत्काराची विशेषणं मराठी माणसाला पाठ असतात. व्रतस्थ, निष्ठावान, ऋषितुल्य, चालतंबोलतं विद्यापीठ. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात ती शोभतातही, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला सत्कारमूर्ती ठाऊक असते आणि तिथे काही सिद्ध करायचं नसतं. व्यावसायिक संस्थेच्या मानद फेलोशिपसाठी सहकाऱ्याचं नाव सुचवताना मात्र हीच सवय आड येते. अर्ज वाचणारे त्याला ओळखत नसतात. त्यांच्यासमोर अर्जांचा गठ्ठा असतो आणि त्यातला प्रत्येक जण व्रतस्थ असतो. निवड समितीत बसलेल्या कुणालाही विचारा, विशेषणांवरून नजर सरळ पुढे जाते. ती थांबते एखाद्याच वाक्यावर, जे वाचून वाटतं, हा माणूस नसता तर हे काम झालंच नसतं.

एक जुना कागद इथे उपयोगी पडेल. मुंबईच्या गोदीतले जहाजबांधणीतज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी १८४१ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं नाव सुचवणारा कागद सोसायटीने जपून ठेवला आहे. त्यात स्तुती अगदी जेमतेम आहे. नौकाबांधणीचं शास्त्र आणि प्रत्यक्ष काम दोन्ही त्यांना चांगलं अवगत आहे, एवढं सांगून मजकूर थेट कामांवर येतो. मुंबईत गॅसचे दिवे त्यांनी आणले आणि ती व्यवस्था एतद्देशीय कारागिरांना हाताशी धरून उभी केली. साठ टनांचं जहाज बांधून त्यावर वाफेचं इंजिन चढवलं. संपलं. लंडनमधल्या ज्या सभासदाने मुंबई कधी पाहिली नाही, त्यालाही हे वाचून माणूस कळतो.

तुमच्या सहकाऱ्याबद्दल अशी दोन वाक्यं लिहिता येतात का, हे अर्जाचा नमुना उघडण्याआधी बघा. ती सुचली नाहीत तर त्याचं काम कमी आहे असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा तुम्हालाच त्याच्या कामाची पुरती माहिती नसते. शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणाऱ्या माणसाचा स्वभाव आपल्याला इत्थंभूत माहीत असतो, चहात साखर किती तेही माहीत असतं, पण त्याने २००६ मध्ये नेमकं काय उभं केलं हे सांगता येत नाही.

त्याआधी संस्थेचा नियम वाचायला हवा. फेलोशिप म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर संशोधक विद्यार्थ्याचं दरमहाचं विद्यावेतन येतं. इथे तसं काही नाही. पैसा बहुधा नसतोच, असतो तो मान आणि नावापुढे लावायची अक्षरं. हा मान कोण सुचवू शकतो याची तऱ्हा संस्थेगणिक बदलते. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बंगळुरूला स्थापन केलेली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि लंडनची रॉयल सोसायटी यांच्याकडे नाव पाठवायचं तर आधीच फेलो असलेल्या व्यक्तीनेच ते पाठवावं लागतं. तुम्ही स्वतः फेलो नसलात तर तुमचं काम एवढंच, की योग्य फेलो गाठायचा आणि त्याच्या हातात तयार टिपण ठेवायचं. अमेरिकन फिजिकल सोसायटीत सभासद नाव सुचवू शकतात. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेत ज्याचं नाव सुचवायचं तो सीनियर मेंबर असावा लागतो, त्याच्या सभासदत्वाला पाच वर्षं झालेली असावी लागतात आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. ही सभासदत्वाची अट फार जणांना नडते. माणूस मोठा, काम मोठं, पण वार्षिक वर्गणी मध्येच दोन वर्षं भरायची राहिली. अर्ज लिहायला घेण्याआधी सभासद क्रमांक आणि वर्गणीच्या तारखा मागून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण शेवटच्या आठवड्यात विचारण्यापेक्षा तो बरा.

पद्म पुरस्कार ही काही फेलोशिप नव्हे, पण ज्यांना कुठल्याच संस्थेत शिरकाव नाही त्यांच्यासाठी तो दरवाजा उघडा आहे. कोणीही नागरिक सरकारी संकेतस्थळावर नाव सुचवू शकतो, अगदी स्वतःचंसुद्धा, आणि कामाचं वर्णन जास्तीत जास्त आठशे शब्दांत बसवावं लागतं. सरकारी नोकरीत असलेली व्यक्ती, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर, नोकरीत असेपर्यंत पात्र ठरत नाही. जिल्हा परिषदेतल्या एखाद्या कर्तबगार अभियंत्याचं नाव पाठवायला निघालेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. आठशे शब्दांत काम सांगण्याचा सराव मात्र कुठल्याही अर्जाला कामी येतो.

जागा किती असतात हेही पाहा. आयईईई दरवर्षी मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी जास्तीत जास्त ०.१ टक्के लोकांना फेलो करते. अमेरिकन फिजिकल सोसायटीचं प्रमाण विद्यार्थी वगळून सभासदांच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. साहित्य अकादमीच्या महत्तर सदस्यांची संख्या एका वेळी २१ च्या वर जात नाही. एवढ्या बारीक चाळणीतून जायचं असताना 'यांनी बरंच काही केलं' हा युक्तिवाद टिकत नाही. बारा मध्यम कामांची यादी वाचून परीक्षक दमतो आणि एकही लक्षात ठेवत नाही. एक मोठं काम घ्या, फार तर दोन. बाकीचं परिचयपत्रात जाऊ द्या, तिथे ते कुणी ना कुणी वाचेल. यावर घरातल्या घरात वाद होतो. सहकारी म्हणतो, "अहो, ते समितीचं अध्यक्षपद राहिलं की." राहू द्या.

आता काम कसं मांडायचं ते. समजा, तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात एक ग्रंथपाल बाई आहेत आणि ग्रंथालय व्यवसायातल्या एखाद्या संस्थेच्या मानद फेलोशिपसाठी त्यांचं नाव पाठवायचं आहे. पहिला मसुदा हमखास असा येतो: 'बाईंनी गेली तीन दशके वाचनसंस्कृती रुजविण्यासाठी अथक परिश्रम घेतले असून त्यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक उपक्रम राबविण्यात आले.' यात खोटं काहीच नाही आणि हाती लागण्यासारखंही काही नाही. 'राबविण्यात आले' ही शासकीय ठेवणीची क्रिया इथे सर्वांत घातक. कोणी राबवले ते ती सांगत नाही आणि समितीला नेमकं तेच हवं असतं. मसुद्यातली 'करण्यात आले', 'घेण्यात आले', 'साध्य झाले' ही सगळी क्रियापदं शोधून काढा आणि प्रत्येकाला कर्ता द्या. कर्ता देता येत नसेल तर ते वाक्य बहुधा या अर्जातलं नाही.

आता दुसरा मसुदा. 'परिसरातल्या साप्ताहिकांचे जुने अंक दर उन्हाळ्यात रद्दीत जात. बाईंनी १९९८ पासून ते संपादकांच्या घरी जाऊन गोळा केले, त्यांची विषयवार सूची स्वतः केली आणि ती छापून आसपासच्या महाविद्यालयांना दिली. दुष्काळावर काम करणारे संशोधक आज याच सूचीच्या आधारे त्या काळातल्या बातम्या शोधतात. असे अकरा प्रबंध सोबत नोंदवले आहेत, त्यांतल्या चारांच्या ऋणनिर्देशात सूचीचा उल्लेख आहे.' हे उदाहरण कल्पित आहे, पण त्याची घडण पाहून ठेवा. आधी काय होतं, बाईंनी काय केलं, ते कोण वापरतं, पुरावा कुठे. वाचणाऱ्याला बाई भल्या आहेत की नाहीत हे ठरवावंच लागत नाही.

तिसरा भाग, म्हणजे काम कोण वापरतं, हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. काम झालं एवढ्यावर फेलोशिप मिळत नाही. ते काम दुसऱ्यांच्या कामात मुरलं आहे का, हे पाहिलं जातं. डॉक्टरांच्या बाबतीत त्यांनी बसवलेली उपचारपद्धती दुसऱ्या कुठल्या रुग्णालयाने घेतली, वास्तुविशारदाच्या बाबतीत त्याच्या आराखड्यावरून कुठला नियम बदलला, शिक्षकाच्या बाबतीत त्याची पाठ्यसामग्री कुठल्या विद्यापीठात चालते. हे सहकाऱ्याला स्वतःलाही पुष्कळदा माहीत नसतं. शोधायचं तर त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे, बदली होऊन गेलेल्या कनिष्ठांकडे जा. कार्यालयातल्या शिपायालाही विचारा, कारण बाहेरगावाहून कोण कोण येऊन भेटून गेलं हे त्याच्याइतकं कुणाच्या लक्षात नसतं.

सहकाऱ्याला सांगून करायचं की न सांगता? जिथे त्याची संमती आणि सहीचं परिचयपत्र लागतं, तिथे प्रश्नच नाही. जिथे गोपनीयतेचा नियम आहे, तिथे तो पाळा, मग कितीही चुळबुळ झाली तरी. दोन्ही नसेल तर मी सांगून करण्याच्या बाजूचा आहे. वर्षांचे आकडे चुकत नाहीत आणि त्याच्या आयुष्यातली एखादी गोष्ट त्याला जाहीर करायची नसेल तर तेही कळतं. नकाराची तयारी ठेवा. आपल्याकडे भली माणसं पहिल्यांदा "कशाला हो माझं नाव, त्यापेक्षा आमच्या सरांचं द्या" असंच म्हणतात. तो नकार खरा आहे की रीतीचा, हे त्याच्या सहकाऱ्यालाच कळायला हवं. खरा असेल तर पुढे रेटू नका. आणि आशा लावू नका. "झालंच म्हणून समजा" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, अध्यक्ष तुमचे मावसभाऊ असले तरी. ते खरोखरच मावसभाऊ असतील तर अर्जात हितसंबंधाच्या रकान्यात तसं लिहा. नंतर बाहेरून कळलं तर नुकसान तुमचं होत नाही, सहकाऱ्याचं होतं.

एकत्र केलेल्या कामाचं श्रेय ही नाजूक जागा. १९०३ चं नोबेल आठवा. फ्रेंच विज्ञान अकादमीच्या चार सदस्यांनी त्या वर्षी पदार्थविज्ञानासाठी बेकेरेल आणि पिएर क्युरी यांची नावं पाठवली. मारी क्युरींचं नाव त्या पत्रात नव्हतं. स्वीडिश गणिती मिटाग-लेफ्लर यांनी पिएरना हे कळवलं, पिएरनी उलट लिहिलं की विचार व्हायचा तर दोघांचा एकत्र व्हावा, आणि मग पुढचा इतिहास घडला. आपल्या अर्जात ज्याचं नाव सुचवतो त्याचा वाटा मोठा करताना दुसऱ्याचा वाटा खोडला जात नाही ना, हे बघा. समितीत त्या क्षेत्रातली माणसं असतात, त्यांना खरा वाटा ठाऊक असतो. 'या प्रकल्पात पाच जण होते. मोजमापाची पद्धत यांची, यंत्र दुसऱ्या दोघांचं' असं लिहिलं तर अर्ज कमकुवत होत नाही. तो विश्वासार्ह होतो.

स्त्री सहकाऱ्याचं नाव सुचवताना लेखणीवर विशेष लक्ष ठेवा, लिहिणारी स्वतः स्त्री असली तरी. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं त्यांनी वाचली. पुरुषांच्या पत्रांत त्यांच्या संशोधनाचा उल्लेख ठळक, स्त्रियांच्या पत्रांत त्यांच्या शिकवण्याचा आणि कष्टाळूपणाचा. स्त्रियांची पत्रं एकंदरीत आखूडही होती. आपल्या मराठी अर्जात याला आणखी एक फोडणी बसते: 'घरसंसार सांभाळून'. हे कौतुक म्हणून लिहिलं जातं, यात शंका नाही. पण पुरुष अभियंत्याच्या अर्जात 'मुलांच्या परीक्षा सांभाळून त्यांनी हा पूल बांधला' असं कुणी लिहीत नाही. ते शब्द काढा आणि तिथे कामाचं एक वाक्य घाला. अर्देशीर कर्सेटजी ज्या यादीत १८४१ मध्ये गेले, त्या यादीत पहिली भारतीय स्त्री, डॉ. गगनदीप कांग, यायला २०१९ उजाडलं. याला कारणं पुष्कळ असतील. नावं सुचवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती येतच नव्हती, हेही त्यांतलं एक असावं.

आता संदर्भपत्रं. इथे घाईचा फटका सर्वांत जास्त बसतो. पत्र लिहून देणाऱ्या मोठ्या व्यक्तीला आपण आदल्या आठवड्यात फोन करतो, ती म्हणते, "तुम्हीच लिहून पाठवा, मी सही करतो." मग तीनही पत्रं आपणच लिहितो आणि तिन्हींत 'उल्लेखनीय बाब म्हणजे' हे एकाच हातचे शब्द उमटतात. समितीला हे पहिल्या परिच्छेदात कळतं. दीड-दोन महिने आधी विचारा. पत्र लिहिणाऱ्याला कोरा मसुदा देण्याऐवजी एक पान टिपण द्या: संस्थेचे निकष, आपण कोणतं काम पुढे ठेवतो आहोत आणि त्यांतल्या कुठल्या भागाबद्दल त्यांनी लिहावं. विषय वाटून द्या. एकाने कामाच्या तांत्रिक दर्जाबद्दल, दुसऱ्याने ते वापरणाऱ्यांच्या बाजूने, तिसऱ्याने व्यवसायावर झालेल्या परिणामाबद्दल. एक तरी पत्र संस्थेबाहेरचं असावं, जमल्यास राज्याबाहेरचं. आपल्याच कार्यालयातल्या तीन वरिष्ठांची पत्रं म्हणजे बाहेर कुणी ओळखत नाही अशी कबुलीच.

पदाने सर्वांत मोठं माणूस शोधण्याचा मोह टाळा. कुलगुरूंच्या कागदावरच्या चार औपचारिक ओळींपेक्षा ज्याने त्या कामात हात घातला होता अशा तुलनेने अनोळखी माणसाचं दीड पान जास्त चालतं. 'मी यांना पंचवीस वर्षं ओळखतो' याला काही अर्थ नाही, 'त्या पंचवीस वर्षांत आम्ही यांची पद्धत आमच्या चारही केंद्रांत वापरली' याला आहे. तुलना करणारं वाक्य मिळालं तर सोनं: या विषयात देशात काम करणाऱ्या चार-पाच जणांपैकी हे एक. ते मात्र पत्र लिहिणाऱ्याला मनापासून वाटलं पाहिजे, तुम्ही ते त्याच्या तोंडी घालू नका.

लिहून झालं की क्षेत्राबाहेरच्या एखाद्या शहाण्या माणसाला वाचायला द्या. बँकेतली बहीण असेल, निवृत्त मुख्याध्यापक असतील. वाचून झाल्यावर अर्ज बाजूला ठेवून विचारा, या माणसाने काय केलं? एका वाक्यात उत्तर आलं तर अर्ज तयार आहे. "खूप काही केलेलं दिसतंय" असं उत्तर आलं तर पुन्हा बसा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पदव्यांची वर्षं आधारकार्डाशी आणि प्रमाणपत्रांशी ताडून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, आडनाव कधी पुढे कधी मागे जातं आणि लेखांवरचं नाव तिसरंच असतं, त्यामुळे समितीने शोध घेतला तर भलताच माणूस सापडू शकतो.

आणखी एका गोष्टीबद्दल सावध करायला हवं. 'आपली मानद फेलोशिपसाठी निवड झाली आहे' असे ईमेल हल्ली अनेकांना येतात. निवड आधी, अर्ज नंतर आणि शुल्क ताबडतोब. सोबत पदवीदानाचा झगा, ट्रॉफी आणि पंचतारांकित हॉटेलातला समारंभ. अस्सल संस्था आपल्या फेलोंची यादी उघड ठेवते, निकष छापते, निवड कोण करतं ते सांगते आणि बहुसंख्य नावं नाकारते. नामनिर्देशनासाठी किंवा सन्मान स्वीकारण्यासाठी कुणी मोठी रक्कम मागितली तर तो मान विकत मिळतो आहे. सहकारी हरखून गेला असेल तेव्हा हे सांगणं जड जातं, पण त्या नावानिशी छापलेली कार्डं वाटली जाण्याआधी सांगा.

नाव मागे राहिलं तर? पहिल्या खेपेला राहतंच, असं धरून चला. रामानुजनचं उदाहरण द्यायला हरकत नाही. १९१७ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप त्यांना नाकारली गेली. केंब्रिजमधले त्यांचे पाठीराखे, गणिती हार्डी, थांबले नाहीत. रॉयल सोसायटीसाठी त्यांनी नाव पुढे केलं आणि रामानुजनची प्रकृती पाहता वाट पाहणं परवडणारं नाही, असं तिथल्या अध्यक्षांना लिहून कळवलं. १९१८ च्या मे महिन्यात रामानुजन फेलो झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीनेही त्यांना घेतलं. दोन वर्षांनी ते गेले. बहुतेक फेलोशिप हयात व्यक्तींसाठीच असतात, तेव्हा 'निवृत्तीनंतर बघू' हा हिशोब सोडून द्या.

नकाराचं पत्र आलं की संस्थेकडे नम्रपणे विचारा: नाव पुढच्या वर्षी आपोआप विचारात राहतं की नव्याने पाठवावं लागतं? रॉयल सोसायटीसारख्या ठिकाणी उमेदवारी काही वर्षं जिवंत राहते, अनेक ठिकाणी राहत नाही. अर्जाची, पत्रांची आणि पुराव्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवा, फक्त कार्यालयाच्या संगणकावर नको. पत्र देणाऱ्या तिघांना निकाल कळवा आणि आभार माना, कारण पुढच्या खेपेला त्यांचेच दरवाजे ठोठावायचे आहेत. मग वर्षभर त्या कामाचं काय होतं ते टिपत राहा. नव्याने कुणी ती सूची वापरली, कुठल्या शासकीय अहवालात उल्लेख आला, कुणी ती पद्धत उचलली. पुढच्या वर्षी तोच अर्ज तारीख बदलून पाठवू नका. सर्वांत दुबळं पत्र कोणतं होतं ते आधी ओळखा आणि त्याच्या जागी दुसरा माणूस शोधायला लागा.